पाळी वेळेवर येते, मग वयाचा काय प्रश्न?

प्रश्न : डॉक्टर मॅडम नमस्कार, मी ३६ वर्षांची आहे. दोघंही नोकरीला, म्हणून लग्नानंतर चान्स पुढे ढकलला, मधे दोन वर्षं गोळ्या घेतल्या, आता आठ महिने प्रयत्न चालू आहेत पण दिवस राहत नाहीयेत. पाळी अगदी २८ दिवसांनी येते. तरी इथल्या डॉक्टरांनी एएमएच ही रक्ताची तपासणी करायला सांगितली, म्हणाल्या वय झालंय, घरी येऊन रडूच आलं. पाळी वेळेवर म्हणजे अंडी बनतायत ना? आणि गोळ्या चालू होत्या तेव्हाची अंडी शिल्लक राहिली असतील ना? मिस्टर म्हणतात माझ्यात काही प्रॉब्लेम नाही, मी कशाला टेस्ट करू. (नाशिक)

उत्तर : ताई, आधी डोळे पुसा, ३६ व्या वर्षी आपोआप दिवस राहणाऱ्या भरपूर बायका आहेत. पण तुमच्या डॉक्टरांनी तपासणी काढली ती योग्यच, कारण पस्तिशीच्या आत आम्ही वर्षभर थांबतो आणि पस्तिशीनंतर सहा महिन्यांतच तपासायला घेतो.

आता अंड्यांचं. ती दर महिन्याला बनत नाहीत, सगळी आधीच बनलेली असतात. तुम्ही आईच्या पोटात पाचव्या महिन्याच्या होतात ना, तेव्हा तुमच्या बीजकोशांत साठ-सत्तर लाख अंडी होती, जन्मापर्यंत दहा-वीस लाख उरली, पहिली पाळी आली तेव्हा तीन-चार लाख, आणि सगळ्या आयुष्यात बाहेर पडतात ती जेमतेम चारशे-पाचशे. म्हणजे ज्या अंड्यापासून तुम्ही झालात ते तुमची आई आजीच्या पोटात असतानाच तयार होतं, हे मी पेशंटना सांगते तेव्हा मलाच दरवेळी अंगावर काटा येतो.

बाकीची अंडी जातात कुठे, तर तिथल्या तिथे विरून जातात, रोज, पाळी असो नसो, गोळ्या चालू असोत की पोटात बाळ असो. त्यामुळे गोळ्यांनी अंडी वाचत नाहीत, पण संपतही नाहीत, सासूबाई किंवा शेजारपाजारचं कोणी 'गोळ्यांमुळेच झालं' म्हणत असेल तर ते अजिबात मनावर घेऊ नका.

आणि खरा फरक संख्येपेक्षा दर्जात पडतो. अंड्यातली गुणसूत्रं वाटून अर्धी करायचं काम जन्माआधीच सुरू होतं आणि मधेच थांबतं, ते पुढे सरकतं थेट त्या महिन्यात, ज्या महिन्यात ते अंडं बाहेर पडायचं असतं. तुमच्या बाबतीत ३६ वर्षं ते अंडं त्याच अवस्थेत थांबलेलं आहे, गुणसूत्रांच्या जोड्या धरून ठेवणारी प्रथिनं तेवढ्या काळात झिजतात, मग वाटणी चुकते, एखादं गुणसूत्र जास्त जातं किंवा कमी पडतं. अशातले बरेचसे गर्भ रुजतच नाहीत किंवा लवकर पडतात. डाऊन सिंड्रोमचं, म्हणजे एक गुणसूत्र जास्त असलेलं, बाळ होण्याची शक्यता पस्तिशीला साधारण ३५० त एक असते आणि चाळिशीला १०० त एक, ती याचमुळे. पाळी वेळेवर येते याचा अर्थ बहुधा अंडं बाहेर पडतंय, ते कसं आहे हे पाळी सांगत नाही, आणि एएमएचसुद्धा सांगत नाही, ती फक्त साठ्याचा अंदाज देते. रिपोर्ट कमी आला म्हणून मूल होणारच नाही असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

मिस्टरांचं बोलायचं तर त्यांची तपासणी सगळ्यात आधी व्हायला हवी, स्वस्त आहे, सुई टोचायची नाही, दोन ते सात दिवस संबंध न ठेवता सॅम्पल द्यायचं बस. पुरुषाला बाहेरून सगळं व्यवस्थित असतं आणि शुक्राणू कमी निघतात, हे आम्ही रोज बघतो. शुक्राणू कायम नवे बनतात, एक पूर्ण तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणजे सिगरेट-तंबाखू आज सोडली तर फरक अडीच-तीन महिन्यांनी दिसायला लागेल, म्हणून आजच सोडायला सांगा. आणि हो, वय त्यांनाही लागतं, फक्त उशिरा आणि हळू.

प्रश्न : आमचा मुलगा सात महिन्यांचा आहे, एक गोटी खाली उतरलेलीच नाही. मालीशवाल्या मावशी म्हणतात तेल चोळून उतरेल, मोठ्या जाऊबाई म्हणतात वयात आल्यावर आपोआप होतं. थांबू का? (सांगली)

उत्तर : नका थांबू, आणि मालीश तर तिथे अजिबात नको. वृषण, म्हणजे या गोट्या, तयार होतात गर्भातल्या बाळाच्या पोटात वर, किडनीजवळ. सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत मुलाच्या आणि मुलीच्या गर्भात ही ग्रंथी अगदी सारखीच असते, मग वाय गुणसूत्रावरच्या एका जनुकामुळे तिचा वृषण होतो आणि तो हळूहळू सरकत गरोदरपणाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत जांघेतून पिशवीत उतरतो. कधी वाटेत अडकतो. पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच बाळांचा आपणहून उतरतो, पण सहा महिन्यांनंतर सहसा नाही. पिशवीतलं तापमान अंगापेक्षा दोन-तीन डिग्री कमी असतं आणि शुक्राणू बनायला तेवढा गारवा लागतोच, आत राहिला तर पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, कॅन्सरचा धोकाही थोडा वाढतो. ऑपरेशन छोटं असतं, एक ते दीड वर्षाच्या आत झालेलं चांगलं. कोमट पाण्याने आंघोळ घातल्यावर गोटी पिशवीत दिसते का ते बघून ठेवा, काही मुलांची थंडीने नुसती वर ओढली जाते, त्यांना ऑपरेशन लागत नाही. मुलांच्या सर्जनला याच महिन्यात दाखवा.

प्रश्न : वय ५३, पाळी जाऊन दोन वर्षं झाली, परवा डाग दिसला. उष्णता असेल का? (पणजी)

उत्तर : उष्णता समजून सोडून देऊ नका हो. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली, त्यानंतर एक थेंबही दिसला तरी तपासायचं. बऱ्याचदा कारण साधंच असतं, इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होऊन योनीच्या आतली त्वचा पातळ आणि कोरडी पडते, त्यावर क्रीम मिळतं. पण अशा दहा जणींत साधारण एकीला गर्भपिशवीचा कॅन्सर निघतो, आणि तो डागावरून लवकर सापडला तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. आतून सोनोग्राफी करून घ्या, गर्भपिशवीचं अस्तर चार मिलिमीटरपर्यंत असेल तर सहसा काळजी नसते, जाड असेल किंवा पुन्हा डाग दिसला तर त्याचा तुकडा तपासायला पाठवतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा.