नऊ कोऱ्या रात्री

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. रात्रीची लाईट, म्हणून केळीला पाणी भरता भरता नऊ रात्री दुर्बीण लावलीस, पण मिथुन राशीतला ‘यू’ तारा दिसला नाही आणि वही कोरीच राहिली, असं लिहितोस. तारा दिसला नाही त्याचं काही नाही रे. वही कोरी ठेवलीस, त्याचा राग आला.

शांत असताना हा तारा 14व्या प्रतीच्या आसपास असतो. प्रत म्हणजे तेजाचा आकडा, तो जितका मोठा तितका तारा अंधुक. तुझ्या सहा इंची दुर्बिणीत तो दिसायचाच नाही. सरासरी शंभरेक दिवसांनी उसळतो, तेव्हा 9च्या आसपास येतो. तिथं एक श्वेत बटू, म्हणजे विझत चाललेल्या ताऱ्याचा लहानसा, घट्ट गाभा, आणि त्याचा जोडीदार तारा सव्वाचार तासांत एकमेकांभोवती फिरतात. जोडीदाराकडून ओढलेला वायू बटूभोवतीच्या तबकडीत साचत जातो. सरीत पाणी तुंबून वरंबा फुटावा, तसं एक दिवस ते सगळं बटूकडे धावतं. आता वरंबा कधी फुटला हे सांगायचं, तर आदल्या रात्री तो शाबूत होता हे कुणीतरी लिहून ठेवलेलं लागतं. पुनर्वसूच्या दक्षिणेला ती जागा सापडली, की नकाशातला सगळ्यात अंधुक कोणता तारा दिसतोय ते बघ. नकाशात ताऱ्यांशेजारी त्यांची प्रत छापलेली असते. समज, 124 लिहिलेला दिसला. म्हणजे 12.4, दशांशचिन्ह तारा वाटू नये म्हणून छापत नाहीत. वहीत लिही, ‘12.4पेक्षा अंधुक’. झाली नोंद.

दुसऱ्यांचे आकडे आधी बघू नकोस. हंस तारकासमूहातला ‘एसएस’, हाही असाच उसळणारा तारा, चढलाय असं एकदा माझ्या कानावर आलं. मी गच्चीवर गेलो, लगेच 8.6 दिसला, खुशीत लिहून टाकला. दुसऱ्या रात्री नकाशा उलटा धरला होता हे कळलं. शेजारचाच तारा मोजला होता! ती ओळ खोडली नाही, बाजूला ‘चूक’ लिहिलंय. येशील तेव्हा दाखवतो.

बंगालमधले राधागोविंद चंद्र कोषागारात कारकून होते. दिवसभर नोकरी, रात्री रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारे तारे. अमेरिकेतल्या निरीक्षकांच्या संघटनेकडे त्यांच्या 37 हजारांवर नोंदी गेल्या. त्यातही ‘दिसला नाही’च्या असणारच.

वेळ जागतिक लिही, साडेपाच तास वजा करून. 12 तारीख लागल्यावर रात्री एकला पाहिलंस, तर नोंद 11ची, 19.30ची. इथं सगळेच एकदा तरी चुकतात.

बागेशेजारी दव फार पडतं, दुर्बिणीला पुठ्ठ्याची नळी लाव. आज मोटार चालू करून आलास की आधी वही उघड.

तुझा,
सर

ता. क. मोबाईलच्या टॉर्चवर लाल जिलेटीन दुहेरी लाव. एकेरीनं डोळे दिपतात.