नियुक्तीपत्र नाकारण्याआधी

प्रश्न : माझी मुलगी २४ वर्षांची आहे. संख्याशास्त्रात बी.एस्सी. केलं. यूपीएससीची पूर्व परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. मधल्या काळात कर्मचारी निवड आयोगाची (एसएससी) सीजीएल ही पदवीधरांसाठीची परीक्षा पास झाली आणि आता केंद्रीय सचिवालयात सहायक कक्ष अधिकारी म्हणून दिल्लीचं नियुक्तीपत्र आलं आहे. कारकुनीत अडकली तर कलेक्टर होणं राहून जाईल, असं माझं मत आहे. लाल दिव्याची गाडी हे आमचं जुनं स्वप्न. नातेवाइकांना काय सांगायचं? ती म्हणते, ‘बाबा म्हणतील तसं.’ नोकरी नाकारून पूर्ण वेळ अभ्यास कर, हे तुम्ही तिला पटवून द्या.

उत्तर : तुमच्या पत्रात ‘माझं’ आणि ‘आमचं’ ठिकठिकाणी आहे. तिचं म्हणून एकच वाक्य आहे आणि तेही तुमच्याबद्दलच. ‘बाबा म्हणतील तसं’ याला तुम्ही आज्ञाधारकपणा समजलात, मला त्यात थकवा ऐकू येतो. बोलून उपयोग नाही हे एकदा कळलं की हुशार मुलं वाद घालणं सोडून देतात. तिला दिल्लीला जायचंय का, तिसऱ्यांदा पूर्व परीक्षेला बसायचंय का, मुळात कलेक्टर व्हायचंय का, यातलं काहीच तुमच्या पत्रावरून समजत नाही. तुम्हाला तरी ते माहीत आहे का? नसेल, तर मी तिला काय पटवून देऊ? आणि लाल दिवा १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरूनही उतरला आहे.

तिच्या कुवतीची काळजी मला अजिबात वाटत नाही. २०२४च्या नागरी सेवा परीक्षेला जवळपास १० लाख अर्ज आले, पूर्व परीक्षेला ५ लाख ८३ हजार जण बसले, शेवटी शिफारस झाली १,००९ जणांची. त्यात आयएएसच्या जागा १८०. थोडक्यात हुकलेल्यांत फार चांगली मुलं असतात.

आता कारकुनीबद्दल. सरकार म्हणजे एकच शिडी, तिच्या टोकाला कलेक्टर आणि खाली सगळे कारकून, हे चित्र आपल्याकडे घरोघरी आहे आणि ते साफ चुकीचं आहे. जिल्हाधिकारी हे जिल्ह्यातलं पद, तिथली नेमणूक आणि बदली राज्य सरकार करतं. आयएएस अधिकारी तिथे काही वर्षं असतो आणि पुढे जातो. दिल्लीतल्या मंत्रालयांचा कारभार वेगळ्या रचनेवर चालतो. तिथला पायाचा घटक म्हणजे कक्ष, ठरावीक विषयांचं काम पाहणारा छोटा विभाग. त्यावर कक्ष अधिकारी, मग अवर सचिव, उपसचिव किंवा संचालक, सहसचिव, अपर सचिव आणि सर्वांत वर सचिव. तुमची मुलगी या साखळीत जिथे रुजू होणार, तिथूनच बहुतेक फाइली चालू लागतात. संसदेतल्या प्रश्नाच्या उत्तराचा मसुदा असो की एखाद्या योजनेचा प्रस्ताव, आधीचे निर्णय शोधून, नियम तपासून पहिली टिपणी लिहितो तो सहायक कक्ष अधिकारी. वरचे आयएएस अधिकारी बहुतेक चार-पाच वर्षांच्या प्रतिनियुक्तीवर येतात आणि आपापल्या राज्यात परततात. तुमची मुलगी ज्या सेवेत जाणार, त्या केंद्रीय सचिवालय सेवेची माणसं मात्र तिथेच असतात, म्हणून मंत्रालयाची स्मरणशक्ती त्यांच्याकडे असते. पद गट ‘ब’चं, वेतनस्तर ७, मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून. पुढची पायरी कक्ष अधिकारी, ते राजपत्रित पद आहे. अवर सचिव झाल्यावर गट ‘अ’. बढत्या रखडतात, या सेवेतले लोक त्याबद्दल सतत कुरकुर करतात आणि ती कुरकुर रास्त आहे. म्हणून तिला कारकून म्हणायचं?

यूपीएससीचा दरवाजा या नोकरीने बंद होत नाही. खुल्या प्रवर्गात सहा प्रयत्न आणि ३२ वर्षं वयाची मर्यादा, ती तशीच राहते. परीक्षेला बसत असल्याचं कार्यालयाला लेखी कळवलं की झालं. नोकरी करून अभ्यास जड जातो हे खरं, अधिवेशनाच्या काळात तर संध्याकाळ हाताशी उरत नाही. पण रिकाम्या हाताने तिसरा आणि चौथा प्रयत्न करणं, वर घरातल्या सगळ्यांच्या नजरा झेलणं, हे जास्त जड असतं.

एक गोष्ट मात्र मला खटकली. मुलगी संख्याशास्त्राची पदवीधर आणि भारतीय सांख्यिकी सेवेचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही! तीही यूपीएससीच घेते, स्वतंत्र परीक्षेतून. पूर्व परीक्षेची चाळणी नाही. लेखी परीक्षा १,००० गुणांची, मुलाखत २००ची, आणि लेखीतला मोठा भाग तिच्याच विषयाचा. सेवा गट ‘अ’ची, सुरुवातीचा वेतनस्तर १०, म्हणजे आयएएसला मिळतो तोच. देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाचे अंदाज, महागाईचा निर्देशांक, घरोघरी जाऊन होणारी नमुना सर्वेक्षणं, या कामांमागे ही माणसं असतात. जागा मोजक्या निघतात आणि वयाची मर्यादा ३० आहे, म्हणून हे आत्ताच पाहायला हवं. गाडीवर दिवा इथेही नाही. तिला हे आवडेल की नाही मला ठाऊक नाही, पण तीन वर्षं जो विषय ती शिकली त्याची चौकशीसुद्धा घरात कोणी करू नये?

नातेवाइकांना सांगा, मुलीला केंद्र सरकारात नोकरी लागली. ज्यांना ते कमी वाटेल, त्यांची मतं तशीही तुमच्या कामाची नाहीत.

नोकरी नाकारायला मी तिला सांगणार नाही. घ्यायलाही सांगणार नाही, कारण मला पत्र तिचं आलेलं नाही. हे उत्तर तिच्या हातात द्या, आणि वाटलं तर तिने स्वतः मला लिहावं, तुम्हाला न दाखवता. तोवर नियुक्तीपत्रावरची रुजू होण्याची शेवटची तारीख बघा, आणि मुदतवाढ हवी असेल तर तसा अर्ज तिच्या सहीने वेळेत जाऊ द्या.