आधी सोनं पिवळं करून दाखव

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

पीएचडीला इलेक्ट्रॉनिक स्ट्रक्चर (पदार्थातले इलेक्ट्रॉन कसे मांडलेले असतात त्याचा हिशेब) घेऊ की स्पेसटाइम अल्जिब्रा (अवकाशकाळाच्या दिशांचं बीजगणित), असं विचारतेस. दोन्ही घे, पण आधी सोनं पिवळं करून दाखव.

चतुर्थीला आईच्या हातातल्या पाटल्या आणि देवापुढची चांदीची समई तू शेजारी शेजारी बघितली असशील. आवर्तसारणीत हे धातू एकाखाली एक, मग रंग वेगळा का? सोन्याच्या अणूत 79 प्रोटॉन. अगदी आतल्या इलेक्ट्रॉनचा वेग, ढोबळ हिशेबाने, प्रकाशाच्या 79/137 पट. म्हणजे 58 टक्के. त्याचं वस्तुमान 22 टक्क्यांनी वाढल्यासारखं होतं नि कक्षा आकसते. बाहेरची 6एस नावाची कक्षासुद्धा आकसते. तिच्या शेजारची 5डी मात्र सैल होऊन वर सरकते. दोघींमधली फट इतकी अरुंद होते की निळा प्रकाश तिथेच गिळला जातो. चांदीला त्यासाठी अतिनील प्रकाश लागतो. सापेक्षता न धरणाऱ्या नुसत्या श्रोडिंगरच्या समीकरणावर विसंबलीस तर पाटली समईसारखी पांढरी निघेल! इथे सापेक्षता धरणारं डिरॅकचं 1928 चं समीकरणच हवं.

डिरॅक आला की चार बाय चारच्या मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचे चौकोनी तक्ते, आल्या. आम्ही त्या घोकल्या. त्या आहेत तरी काय, हे वर्गात कुणी विचारलंच नाही. क्लिफर्डचं 1878 चं बीजगणित हाताशी घेऊन डेव्हिड हेस्टेनीझ यांनी 1966 च्या पुस्तकात त्या मॅट्रिक्सना अवकाशकाळाच्या चार दिशा मानलं. आता वही उघड. अवकाशातल्या काटकोनातल्या दोन दिशांचा गुणाकार घे. क्रम उलटला की चिन्ह बदलतं आणि दोघींचा वर्ग सारखाच (दोन्ही अधिक एक किंवा दोन्ही उणे एक), एवढंच लक्षात ठेव आणि त्याचा वर्ग कर. उणे एक! हेस्टेनीझ म्हणतात, डिरॅकच्या समीकरणातला तो गूढ ‘आय’, म्हणजे उणे एकचं वर्गमूळ, हाच: इलेक्ट्रॉनच्या स्पिनचं (अंगभूत फिरकीचं) प्रतल. मला हे कळलं तेव्हा मी बेतीच्या फेरीबोटीत होतो. बोट धक्क्याला लागली तरी उतरायचं भान नव्हतं.

पण भुलू नकोस. मांडणी देखणी झाली म्हणून आकडा बदलत नाही; हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्या मॅट्रिक्सने काढ की या बीजगणिताने, त्याच येतात. इलेक्ट्रॉनिक स्ट्रक्चरचे, वॉल्टर कोन आणि लू शॅम या शास्त्रज्ञांच्या 1965 च्या वाटेने चालणारे प्रोग्रॅम आजही मॅट्रिक्सच फिरवतात, आणि पोटापाण्याचं काम तुला तिथेच मिळेल. बीजगणिताने एखादी पायरी कमी होते का, चूक लवकर सापडते का, एवढंच बघ.

चुकीवरून आठवलं. एकदा चतुर्थीची अख्खी सुट्टी माझं उत्तर उलट्या चिन्हाचं येत होतं. एका पेपरात काळाच्या दिशेचा वर्ग अधिक एक, दुसऱ्यात उणे एक. मी दोघांची सूत्रं एकत्र कालवली होती. तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर आधी चिन्हं लिहितो.

नागपंचमीला फोंड्याला ये. काकू पातोळ्या करणार आहे. लॅपटॉप नको, वही आण.

तुझा,
सर