आधी काळाघोड्याच्या पुलावर जाऊन ये

बडोद्यासाठी पुराचं ॲप करायचं म्हणतोस, ऐकून फार बरं वाटलं. पण कोड लिहायच्या आधी काळाघोड्याच्या पुलावर जाऊन ये. विश्वामित्री नदीची पातळी तिथली सांगतात. 26 फूट म्हणजे धोका. ऑगस्ट 2024 मध्ये पाणी 35 च्याही वर गेलं होतं. आता, ज्याचं पाणी या नदीत सोडतात त्या आजवा सरोवराचा आकडा बघ: 211, 212 फूट. तो समुद्रसपाटीपासूनचा! मी पहिल्यांदा दोन्ही आकडे शेजारी शेजारी दाखवले आणि दांडिया बाजारातल्या एका आजींनी घाबरून धान्याचे डबे माळ्यावर चढवले. तेव्हापासून आकडा कुठे मोजला, किती वाजता, हे लिहिल्याशिवाय मी काही बाहेर सोडत नाही.

सरकारी डेटाचं राष्ट्रीय पोर्टल 2012 पासून आहे. 2017 च्या खुल्या परवान्याखालचा डेटा बिनदिक्कत वापर, फक्त स्रोताचा उल्लेख कर. नकाशाला ओपनस्ट्रीटमॅप घे, लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा आहे तो.

एकटा मात्र बसू नकोस. जुन्या गुजराती फॉन्टमधली पीडीएफ कॉपी केली की अक्षरांचा नुसता काला होतो. तिथे गुजराती वाचणारं माणूसच लागतं. आणि नदीकाठी राहणाऱ्या एकाला तरी पहिल्या दिवसापासून सोबत घे. पाणी आधी कुठल्या गल्लीत शिरतं, हे कुठल्याच फाइलमध्ये मिळायचं नाही, ते त्याला तोंडपाठ असतं.

कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, सगळ्यांना दिसेल असा उघडा ठेव, कच्चा असला तरी. रविवारी सकाळी ये, आपण मिळून आकड्यांचं पहिलं कोष्टक साफ करू.