सेलेरिओचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय 36, अंबडच्या कारखान्यात नोकरी, हातात पगार 62 हजार. घरी पत्नी, सहा वर्षांची मुलगी आणि आई. घर वडिलोपार्जित, म्हणजे भाडं किंवा गृहकर्ज नाही. दारात वडिलांची 2013 ची सात आसनी डिझेल गाडी आहे, ती 12 चं ॲव्हरेज देते. ती विकून त्यांना मारुती सेलेरिओ घ्यायची आहे. त्यांचा प्रश्न असा: मॅन्युअल गाडी ऑन-रोड 6 लाख 20 हजारांना पडते आणि ऑटोमॅटिक 6 लाख 70 हजारांना, पण ऑटोमॅटिकचं ॲव्हरेज जास्त आहे, तर वरचे 50 हजार वसूल होतील का?

पत्राच्या शेवटी, जाता जाता सांगावं तशी, आणखी एक गोष्ट आहे. बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरच्या सल्ल्याने गाडीची पूर्ण रक्कम सात वर्षांच्या कर्जाने उभी करायची ठरली आहे. घरातली एकमेव बचत म्हणजे 4 लाखांची एफडी. ती डाउन पेमेंटला न वापरता मोडली, एक लाख एका 'हमी परताव्या'च्या पॉलिसीत भरले आणि उरलेले तीन लाख बचत खात्यात ठेवले. पॉलिसीचे कागद दोन आठवड्यांपूर्वी मेलवर आले. 'पैसे दुप्पट होतील, त्यातून गाडीचं कर्ज फिटेल आणि हप्ता तसाही पेट्रोलच्या बचतीतून निघेल,' असं ते लिहितात.

विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते लहान आहे. एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत मॅन्युअल सेलेरिओचा आकडा लिटरला 25.24 किलोमीटर आहे आणि व्हीएक्सआय या मॉडेलच्या ऑटोमॅटिकचा 26.68. महिन्याला हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीला या फरकाने दोन लिटर पेट्रोल वाचतं, म्हणजे सव्वादोनशे रुपये. 50 हजार वसूल व्हायला अठरा-एकोणीस वर्षं लागतील. तेव्हा ॲव्हरेजसाठी ऑटोमॅटिक घेऊ नका. सोयीसाठी घ्यायची असेल तर तो वेगळा विचार, त्याकडे खाली येतो.

आता हप्ता पेट्रोलमधून निघण्याचं बघू. सव्वीसचा आकडा खोटा नाही, पण तो प्रयोगशाळेत रोलरवर, एसी बंद ठेवून, ताशी 90 च्या वर न जाता आणि सरासरी तीसेकच्या वेगाने काढलेला असतो. सगळ्या गाड्यांना एकच कसोटी लागते, म्हणून एका गाडीची दुसरीशी तुलना करायला तो उत्तम. घरखर्चाच्या वहीत मात्र तो लिहू नये. शिवाय आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे थोडं ॲव्हरेज तिथेही जातं. शहर, हायवे आणि एसी धरून 19-20 गृहीत धरा.

आजचा डिझेलचा खर्च महिन्याला साडेसात हजार. सेलेरिओचं पेट्रोल सव्वापाच हजारांचं लागेल. बचत सव्वादोन हजार. 6 लाख 70 हजारांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता येतो जवळपास 11 हजार. गाडी पाण्यावर चालली तरी साडेसात हजारच वाचणार आहेत आणि हप्ता त्याहून मोठाच राहणार आहे.

तरीही गाडीची निवड चांगली आहे, आणि ती का चांगली हे नीट समजून घ्या, म्हणजे नंतर निराशा होणार नाही. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या या सेलेरिओत 998 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे. 67 पीएस ताकद आणि 89 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर. आकडे छोटे आहेत, पण गाडीच मुळात सव्वाआठशे किलोच्या आतबाहेर आहे. तिची खरी काटकसर या वजनात आहे. सिग्नलला दर वेळी थांबून पुन्हा निघताना जेवढं वजन ढकलायचं, तेवढं इंधन जातं. त्यावर इंजिनात दोन गोष्टी केल्या आहेत. प्रत्येक सिलिंडरला एकाऐवजी दोन इंजेक्टर आहेत, त्यामुळे पेट्रोलचा फवारा बारीक होतो आणि ज्वलन नीट होतं. आणि झडपा उघडण्या-मिटण्याची वेळ हवा आत घेणाऱ्या व धूर बाहेर टाकणाऱ्या, दोन्ही बाजूंना गरजेप्रमाणे बदलते. टर्बो नाही, थेट सिलिंडरच्या आत जाणारं महागडं इंजेक्शन नाही. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची बाब हीच, कारण दहा वर्षं ठेवायच्या गाडीत जे नाही त्याची दुरुस्तीही नाही.

स्वभाव कसा आहे? गंगापूर रोडच्या गर्दीत ती हलकी, चटपटीत वाटेल. स्टिअरिंग हलकं, वळवायला सोपी. उभी असताना तीन सिलिंडरची धडधड हाताला जाणवेल, तो दोष समजू नका. मात्र टॉर्कचा पूर्ण जोर इंजिन मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतं तेव्हाच मिळतो. डिझेलची सवय असलेल्या माणसाला वाटतं, तिसऱ्या-चौथ्या गिअरवर नुसता पाय दाबला की गाडी ओढेल. ही ओढणार नाही. तुम्ही लिहिता की महिन्यातून एकदा कल्याणला सासुरवाडीला जाणं होतं. येताना कसारा घाटात चार माणसं आणि सामान मिळून तीनशे किलो, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या एक तृतीयांशाहून जास्त भार, आणि वर एसी. तिथे खालचा गिअर टाकून इंजिन फिरू द्यावं लागतं. आवाज वाढेल, वाढू द्या. ते इंजिन तसंच चालवायचं असतं.

ऑटोमॅटिकचं म्हणाल तर तो एएमटी आहे. गिअरबॉक्स आणि क्लच मॅन्युअलचाच, फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर बदलण्याचं काम यंत्र करतं. 2014 मध्ये भारतात हा प्रकार पहिल्यांदा आणला तो सेलेरिओनेच. संगणक वरचा गिअर लवकर टाकतो, म्हणून चाचणीत ॲव्हरेज चांगलं दिसतं, आणि म्हणूनच पिकअप सुस्त वाटतं. गिअर बदलताना क्षणभर गाडी मान डोलावते. घाटात मॅन्युअल मोडवर घ्या. पत्नी रोज मुलीला शाळेत सोडणार आहेत आणि क्लचमुळे चालवायला बिचकतात, असं तुम्ही लिहिलं आहे. मग 50 हजार जरूर द्या. घरात दुसरं माणूस निर्धास्तपणे गाडी चालवू लागतं, या कारणासाठी ते योग्य आहेत.

आता त्या पॉलिसीकडे येतो. ती पाहून मला राग आला, कारण तुमच्यासारख्या कुटुंबांची अशी पत्रं वारंवार येतात.

दरवर्षी एक लाख, सात वर्षं. पंधराव्या वर्षाच्या शेवटी 14 लाख. 'दुप्पट' हे खरं आहे, पण किती वर्षांत हे मोठ्या अक्षरांत छापलेलं नसतं. सगळे हप्ते मिळून पैसा सरासरी बारा वर्षं अडकतो. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी बहात्तरला भागलं की परताव्याचा अंदाज येतो. बहात्तरला बाराने भागा, सहा आले. परतावा सहा टक्के, काटेकोर हिशेब केला तर त्याहूनही किंचित कमी. म्हणजे साडेनऊ टक्क्यांनी कर्ज काढून सहा टक्क्यांनी पैसे गुंतवायचे, आणि याला नियोजन म्हणायचं!

शिवाय कर्ज सात वर्षांत संपणार आणि पॉलिसीचे पैसे पंधरा वर्षांनी येणार. जे कर्ज आठ वर्षांपूर्वीच फिटलेलं असेल, ते पॉलिसी कशी फेडणार? हा प्रश्न मॅनेजरने तुमच्यासमोर येऊच दिला नाही.

एफडीच्या व्याजावर कर लागतो, असं तुम्हाला सांगितलं गेलं. तुम्हाला लागत नाही. नव्या कररचनेत 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, आणि तुमचं उत्पन्न व्याज धरूनही त्याच्या बरंच आत आहे. 4 लाखांचं वर्षाचं व्याज पंचवीसेक हजार. बँकेचा टीडीएस 50 हजारांच्या वर सुरू होतो, म्हणजे तोही कापला जात नाही. विम्याच्या हप्त्यावरची 80सी ची वजावट नव्या रचनेत मिळतच नाही. न लागणारा कर वाचवण्यासाठी तुम्ही एफडी मोडली आहे.

पुढचे हप्ते कुठून भरणार? उरलेले तीन लाख तीन वर्षांत संपतील. शेवटचे तीन हप्ते पगारवाढीतून, असं तुम्ही लिहिता. कारखान्यात एक वर्ष ओव्हरटाइम बंद झाला किंवा आईचं ऑपरेशन निघालं, तर गाडीचा 11 हजारांचा हप्ता आणि पॉलिसीचे महिन्याला पडणारे सव्वाआठ हजार, दोन्ही एकदम अंगावर येतील. तेव्हा अडीअडचणीची एफडी उरलेली नसेल.

आणि हे सगळं विमा म्हणून विकलं गेलं. विमा किती? 10 लाख. तुमच्या सव्वा वर्षाच्या पगाराइतका. मुलगी सहा वर्षांची आहे.

सुदैवाने वेळ गेलेली नाही. पॉलिसीचा कागद मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत ती परत करता येते. हा विमा नियामकाचा नियम आहे, कंपनीची मेहेरबानी नव्हे. तेवढ्या दिवसांच्या विम्याची रक्कम, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी पैसे परत मिळतात. अर्ज बँकेकडे नव्हे, थेट विमा कंपनीकडे द्या. मेल करा आणि शाखेत लेखी देऊन पोच घ्या. पॉलिसी क्रमांक, कागद मिळाल्याची तारीख आणि 'फ्री लुक मुदतीत पॉलिसी रद्द करत आहे' एवढं पुरे. बँकेतून फोन येईल, 'थोडं थांबा, महिनाअखेरीस बघू' असं सांगतील. थांबू नका, त्या थांबण्यातच मुदत टळते. मुदत टळली की पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत सरेंडर करून काही मिळत नाही, आणि पुढेही भरले त्याहून बरेच कमी मिळतात. कंपनीने टाळाटाळ केली तर नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार आणि मग विमा लोकपाल.

त्याच आठवड्यात एक कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स घ्या, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच कुटुंबाला पैसे देणारा विमा, वयाच्या साठीपर्यंतचा. तंबाखू नसेल तर वर्षाला साधारण 15 हजार. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही. शेवटी काहीच परत मिळत नाही म्हणून कुरकुरू नका, गाडीच्या विम्याचेही परत मिळत नाहीत. कंपनीच्या मेडिक्लेमवर सगळं घर अवलंबून आहे, तिथेही कुटुंबासाठी स्वतःची वेगळी पॉलिसी हवी. ती दिवाळीआधी उरका.

मग गाडी. छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर त्याच सप्टेंबरमध्ये 29 वरून 18 टक्क्यांवर आला, तो फायदा तुमच्या कोटेशनमध्ये धरलेला आहे, पुन्हा 'खास सवलत' म्हणून तोच कोणी दाखवू नये. जुन्या गाडीचे दोन लाख येत असतील तर आत्ताच विका, 2028 मध्ये पंधरा वर्षं भरून पुनर्नोंदणीचा खर्च आला की गिऱ्हाईक किंमत पाडतं. त्यात बचतीतले 50 हजार घाला. कर्ज 4 लाख 20 हजार, पाच वर्षं, हप्ता पावणेनऊ हजारांच्या आसपास. परत आलेला लाख धरून साडेतीन लाख शिल्लक राहतात, त्यांची पुन्हा एफडी करा आणि तिला हात लावू नका. तुमच्या मूळ बेतात हप्ता आणि पॉलिसी मिळून महिन्याला सव्वाएकोणीस हजार जात होते. आता दहा हजार मोकळे होतात. सव्वा हजार टर्मचे, दोनेक हजार मेडिक्लेमचे, पाच हजारांची मुलीच्या शिक्षणासाठी इंडेक्स फंडात एसआयपी, बाकी गाडीच्या विम्याला आणि सर्व्हिसिंगला.

कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी 'लोन प्रोटेक्ट' नावाची ओळ शोधा. पंचवीस-तीस हजारांचा एकरकमी विमा कर्जातच मिसळलेला असतो आणि त्यावर पाच वर्षं व्याज चालतं. तो ऐच्छिक आहे, खोडायला लावा. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड किती, हेही लेखी मागा.