वाचक विचारतात : ‘अ टेस्ट ऑफ हनी’ बसवताना

या वेळच्या पत्रांत एका नाटकाबद्दलचे प्रश्न जास्त आहेत. शीला डिलेनीचं ‘अ टेस्ट ऑफ हनी’ २७ मे १९५८ रोजी पूर्व लंडनमधल्या स्ट्रॅटफर्डच्या थिएटर रॉयलमध्ये दिग्दर्शिका जोन लिटलवुडच्या ‘थिएटर वर्कशॉप’ या नाट्यसंस्थेने पहिल्यांदा केलं. लेखिका तेव्हा १९ वर्षांची होती. मँचेस्टरमधली एक कळकट खोली, शाळा सुटायच्या वयाची जो आणि पुरुषांच्या पैशांवर जगणारी तिची चाळिशीची आई हेलन. हेलन पीटरशी लग्न करून निघून जाते. जोला एका कृष्णवर्णीय खलाशापासून दिवस जातात आणि जेफ नावाचा चित्रकलेचा विद्यार्थी तिला सांभाळतो. पात्रं एवढी पाचच.

प्रश्न : दोन वाचनं झाली. गरिबी, बेफिकीर आई, कुमारी माता असं सगळं साचून नाटक फार रडकं होतंय. कुठे चुकतंय?

वेगात. हे नाटक सावकाश वाचलं की मरतं. पहिलाच प्रसंग घ्या. सामान घेऊन दोघी खोलीत शिरतात. हेलन म्हणते, हीच ती जागा. जो म्हणते, मला नाही आवडली. या दोन वाक्यांमध्ये नजर टाकायला, उसासा सोडायला जागाच नाही. समोरचीचा शेवटचा शब्द संपतो न संपतो तोच दुसरीचं वाक्य पडलं पाहिजे. या दोघी वर्षानुवर्षं अशाच भांडत आल्यात, आता त्यांना विचार करावा लागत नाही. प्रेक्षकाला वाईट वाटायचं ते नंतर, हसून झाल्यावर.

तालमीत पहिला प्रवेश घड्याळ लावून वाचा. मग शब्द न गाळता, आवाज न चढवता पुन्हा वेगाने वाचा आणि किती मिनिटं कमी झाली ते बघा. नट घाईत शब्द खातात, म्हणून ही वाचनं बसूनच करा. हालचाली नंतर.

दुसरी चूक प्रेक्षकांशी बोलण्याची. हेलन मध्येच प्रेक्षकांकडे वळून जोबद्दल तक्रार करते. इंग्लंडच्या म्युझिक हॉलमधली ही रीत आहे. गाणी, नकला, चुटके सादर करणारे कलावंत तिथे थेट लोकांशी बोलत. पुष्कळ नट अशा जागी आवाज खाली आणतात आणि त्याचं ‘स्वगत’ करून टाकतात. तसं नको. छाती प्रेक्षकांकडे, आवाज तोच, आणि वाक्याच्या शेवटच्या शब्दाला परत जोकडे. शेजारणीला साक्षीला धरून मुलीची उणीदुणी काढावीत, तसं ते वाटलं पाहिजे.

थांबायच्या जागा मोजून ठेवा. आमच्या मते तीनच आहेत : वाळलेले कंद, बाहुली आणि शेवटचं बडबडगीत.

प्रश्न : कंदांचं एवढं काय? ते गाळले तर चालतील का?

गाळू नका. पहिल्या प्रवेशात जोने बागेतून फुलझाडांचे कंद उचलून आणलेत. खिडकीत फुलवायचे म्हणून ती ते अंधारात ठेवते आणि विसरते. दुसऱ्या अंकात ते मेलेले सापडतात. तोवर ती स्वतः गरोदर आहे. लेखिकेने हा धागा कुणाच्याही तोंडून समजावलेला नाही, म्हणून वस्तू नीट दिसली पाहिजे. दोन संच करा, एक टवटवीत आणि एक सुरकुतलेला. स्वयंपाकाचे कांदे घेऊ नका. लांबून ती भाजीच वाटते आणि हलकी सालं रंगमंचभर होतात.

छतावरून लोंबणारा उघडा दिवा असाच महत्त्वाचा. जोला त्यावर कापड टाकून उजेड मऊ करायचाय. तारेचा जुना दिवा लावलात तर कापड करपेल. कमी वॅटचा पिवळसर एलईडी वापरा.

पोटासाठी दोन उशा हव्यात. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला जो आणि जेफ जत्रेहून मध्यरात्री परततात तेव्हाची लहान, आणि अखेरच्या दिवसांची मोठी. पहिल्या तालमीपासून त्या बांधूनच काम करा. आयत्या वेळी बांधली की नटी पोट धरूनच चालू लागते.

प्रश्न : वाद्यवृंद परवडत नाही. ध्वनिमुद्रित जॅझ चालेल का?

चालेल, पण काहीतरी हातचं जाईल. मूळ प्रयोगात तिघांचं जॅझ रंगमंचावर हजर होतं आणि पात्रं त्यावर नाचत आत-बाहेर जात. वादक नटाच्या पावलाकडे बघून वाजवतो, ध्वनिमुद्रणाला ते जमत नाही. एकच ट्रम्पेट किंवा क्लॅरिनेट मिळालं तरी प्रत्यक्ष वाजणारंच घ्या. दुःखाच्या वाक्याखाली मात्र सूर सोडू नका.

प्रश्न : जेफ समलिंगी आहे हे संहितेत स्पष्ट का म्हटलेलं नाही? ते कसं दाखवायचं?

त्या काळी ब्रिटनमध्ये प्रत्येक नव्या सार्वजनिक नाटकाला लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याचा परवाना लागे. ही सेन्सॉरशिप १९६८ साली गेली. इंग्लंडमध्ये पुरुषांमधले समलिंगी संबंध १९६७ पर्यंत, खासगीतसुद्धा, गुन्हा होते. त्यामुळे इथे सगळं सूचनेवर आहे. ‘दाखवायचं’ काहीच नाही. जेफ स्वयंपाक करतो, खोली झाडतो, बाळाचे कपडे शिवतो. ही कामं नटाला खरोखर आली पाहिजेत. सुईत दोरा ओवताना तो अडखळला की पात्र गेलं. मुरडत चालणारा विनोदी जेफ हा नाटकाचा अपमान आहे, हे आम्ही स्पष्टच सांगतो. बाळाच्या तयारीसाठी तो बाहुली आणतो. जो ती भिरकावते, कारण तिचा रंग चुकीचा आहे. तेव्हा जेफने लगेच बाहुली उचलू नये.

प्रश्न : हे ‘लुक बॅक इन अँगर’च्याच पठडीतलं ना?

काळ जवळचा. जॉन ऑस्बोर्नचं ते नाटक ८ मे १९५६ रोजी लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये आलं. पण त्यातला जिमी पोर्टर पदवीधर आहे, मिठाईचा ठेला चालवतो आणि बोलायला त्याच्यासमोर कायम कुणीतरी असतं. जोकडे पदवीही नाही, सामाजिक वर्गावरची भाषणंही नाहीत. तिला भाडं भरायचंय, म्हणून ती दिवसा चपलांच्या दुकानात आणि रात्री बारमध्ये काम धरते. सॅलफर्डच्या कामगार वस्तीत वाढलेली डिलेनी स्वतः अकराव्या वर्षीच्या, माध्यमिक शाळेसाठीच्या निवड परीक्षेत नापास झाली होती. वर्ग हा तिच्यासाठी चर्चेचा विषय नव्हता.

प्रश्न : चित्रपट बघून नाटक बसवावं का?

आधी नको. टोनी रिचर्डसनचा १९६१ चा चित्रपट उत्तम आहे, पण त्यात खऱ्या रस्त्यांवर हिंडणं आहे, ब्लॅकपूलची सहल आहे आणि प्रेक्षकांशी बोलणं नाही. तो डोळ्यांत बसला की नट रंगमंचावर वास्तववादी कुजबुज करू लागतात. परवान्याचंही पाहून घ्या. लेखिका २०११ साली वारली, त्यामुळे हक्क अजून जिवंत आहेत. भाषांतरालाही लेखी परवानगी लागेल.

प्रश्न : शेवट कसा घ्यावा?

हेलनने जेफला घालवून दिलंय. बाळ काळं असेल हे कळल्यावर तीही दारू प्यायला निघून जाते. जोच्या कळा सुरू झाल्यात. इथे बहुतेक जणी कण्हण्यावर भर देतात आणि जो शेवटी म्हणते ते बडबडगीत ऐकूच येत नाही. कळ आधी येऊन ओसरू द्या, जोला भिंतीला टेकू द्या, मग ओळी म्हणू द्या. जेफ आठवून ती किंचित हसते, तसं संहितेतच आहे. गाणं सुरात नको, पुटपुटल्यासारखं हवं. दिवा शेवटच्या शब्दावर नाही, त्यानंतर एक श्वास झाल्यावर घालवा.