डोंगरी नदीच्या काठानं: पाटणादेवीच्या रानातल्या पायवाटा

श्रावणात घरची मंडळी घेऊन पाटणादेवीला जायचं आहे. देवळापुढे केदारकुंडाच्या धबधब्याकडे पायी जावं म्हणतो. आठ वर्षांची मुलगी सोबत आहे. चालेल का? (एक वाचक, अमळनेर)

चाळीसगावपासून देऊळ सुमारे १८ किलोमीटरवर आहे. तिथपर्यंत बिनघोर जा. पुढचं मात्र आदल्या रात्री डोंगरात किती पाऊस झाला त्यावर ठरवा. चाळीसगावात ऊन आहे यावर जाऊ नका. सातमाळ्याचे कडे उभे, वर माती पातळ आणि खाली काळा कातळ. पडलेलं पाणी मुरत नाही, थेट नाल्यात उतरतं. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी शिरलं, तेही रात्री डोंगरात झालेल्या पावसाचंच.

पात्रात असताना नितळ पाणी गढूळ व्हायला लागलं किंवा काटक्या-पाला वाहून येऊ लागला, तर सामान गोळा करत बसू नका, उंचावरच्या काठावर चढा. परतीच्या वाटेवर पाणी चढलेलं दिसलं तर ओसरेपर्यंत थांबायचं. मोठ्या माणसाच्या गुडघ्यावर आलेल्या धारेत मुलीला उतरवू नका. पाय खरबरीत दगडावर टाका. काळा, चकाकणारा दगड म्हणजे शेवाळ, आणि बहुतेकांचे हातपाय तिथेच मोडतात. कुंडात पोहणं नकोच. धबधब्याखाली पाण्यानं कोरलेली खोली वरून कळत नाही.

पाटणादेवीहून पितळखोऱ्याच्या लेण्यांना पायी जाता येतं असं ऐकलं. कधी जावं, सोबत काय घ्यावं? (एक वाचक, पाचोरा)

नोव्हेंबर ते जानेवारी. सगळं रान गौताळा-औट्रम घाट अभयारण्यात येतं, म्हणून आधी वनखात्याच्या चौकीवर नोंद करा आणि स्थानिक वाटाड्या घ्या. गुरांच्या वाटा मुख्य वाटेसारख्याच दिसतात, चुकणारे त्यांच्यामागे जाऊनच चुकतात. सकाळी सातला निघा, अंधाराआधी परत या. बिबट्याचं रान आहे.

माणशी तीन लिटर पाणी. नाल्याचं पाणी दिसायला स्वच्छ असतं, पण वर गुरं असतात. कळण्याची भाकरी आणि ठेचा टिकतो, दशम्याही चालतात. पायात घट्ट बूट, हातात काठी. पाल्यात पाय टाकण्याआधी काठी आपटा, कारण घोणस, फुरसं पाल्याच्या रंगाचंच असतं. चावलंच तर चिरू नका, आवळून बांधू नका. पाय हलू न देता माणसाला उचलून न्या आणि सरकारी रुग्णालय गाठा.

सापापेक्षा जास्त धास्ती आग्या मोहोळाची ठेवा. कड्याला आणि लेण्यांच्या छताला पोळी असतात. विडी, अगरबत्ती, अत्तर, आरडाओरडा यांतलं काहीही नको. माश्या उठल्या तर हात न झाडता तोंड कापडानं झाका आणि पळत दूर जा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत राहतात. काटे नखानं खरवडून काढा.

लेणी इ.स.पूर्व दुसऱ्या शतकापासूनची आहेत. पैठणच्या एका गांधिकानं, म्हणजे अत्तरं-सुगंध विकणाऱ्यानं, दान दिल्याचा लेख तिथे आहे. पाणी झिरपून दगड बराच ढासळला आहे, म्हणून सुट्या भागाखाली उभे राहू नका. पायांना झेपणार नसेल तर कन्नडच्या बाजूनं वरून गाडीरस्ता आहे, पुढे पायऱ्या उतरायच्या. आमच्या मते मात्र हे खोरं खालून चालत पाहण्यातच मजा आहे.

दसऱ्याला पाटणादेवीच्या रानातून आणलेली पानं आपट्याची नाहीत म्हणून घरात वाद झाला. (एक वाचक, भुसावळ)

बहुधा अंजन असेल, खानदेशात तो भरपूर. आपट्याचं पान एकच असतं, मधे खाच असलेलं. अंजनाच्या दोन पानांची जोडी असते, देठाशी जुळलेली. मधोमध हलकेच ओढून पाहा. अंजन सरळ दोन पानांत सुटेल, आपटा फाटेल. तिथेच सालई ओळखायला सोपी: साल कागदासारखी सुटते, डिंकाला धुपाचा वास येतो. वाद मिटला, पण अभयारण्यातून पानं तोडून आणणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. पुढच्या वर्षी बांधावरचा आपटा बघा.

भास्कराचार्यांचा मठ पाटणादेवीजवळच्या पाटण गावातलाच का? (एक वाचक, चोपडा)

मठ होता, पण तो नातवानं, चांगदेवानं, काढलेला. आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून. हे सांगणारा इ.स. १२०७ च्या सुमाराचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्याच्या शेवटच्या ओळी मराठीत आहेत: पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचं राजाचं उत्पन्न मठाला दिल्याचं त्यांत लिहिलं आहे. भास्कराचार्यांचं जन्मगाव विज्जडवीड म्हणजे पाटणच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. गाइड छातीठोकपणे सांगेल, ऐकून घ्या.